भाड्याच्या खोलीतील जमीन कोणी निवडली? मुंबईच्या चाळींचा पायाखालचा इतिहास

१/२३
बिऱ्हाड हलते तेव्हा भांडीकुंडी, ट्रंका, गाद्या, देव्हारा, प्रसंगी भिंतीतले खिळेसुद्धा बरोबर जातात. मागे राहते ती फक्त पायाखालची जमीन. ती शेणाची असावी की दगडाची, सिमेंटची की गुळगुळीत टाइलची, हे ठरवले कोणी? आणि पैसे कोणी मोजले? मुंबईच्या भाड्याच्या खोल्यांत गेल्या सव्वाशे वर्षांत या दोन प्रश्नांची उत्तरे वारंवार बदलली. त्या बदलांचा हा धागा.

२/२३
१८५४ साली कावसजी दावर यांनी मुंबईत पहिल्या कापडगिरणीचा घाट घातला. पुढील अर्धशतकात रत्नागिरी, सातारा, पुणे, अहमदनगर अशा जिल्ह्यांतून माणसे शहरात लोटली आणि त्यांच्यासाठी चाळी उठल्या. मजल्यावर एक लांब व्हरांडा, त्याला लागून एका ओळीत खोल्या. एका खोलीत एक कुटुंब, किंवा पाळीपाळीने झोपणारे दहा-बारा पुरुष. खाट, टेबल, खुर्ची यांना जागाच नव्हती. स्वयंपाक, जेवण, निजणे, बाळंतपण आणि आजारपण हे सारे जमिनीवरच होई. म्हणून जमीन कशी आहे, यावर त्या खोलीतील आयुष्य कसे आहे, हे बरेचसे ठरे.

३/२३
तळमजल्यावरील जमीन बहुधा मातीची असे. भराव घालायचा, पाणी शिंपडायचे, धुम्मसाने ठोकायचे, चोपण्याने चोपून सपाट करायचे आणि वर शेणाचे सारवण. गावच्या घरात हीच पद्धत होती, तेव्हा ती कोणाला परकी वाटली नाही. परंतु गावात अंगण होते, ऊन होते, वारा होता. गल्लीच्या अंधारात, गटाराच्या शेजारी, तीच जमीन पावसाळाभर ओल धरून राही.

४/२३
वरच्या मजल्यांची रचना वेगळी. लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, फळ्यांवर माती किंवा चुन्याचा कोबा. कोपऱ्यात मोरी. तिथे दगड बसवलेला असे, पण सांध्यांतून पाणी झिरपे आणि खालची तुळई हळूहळू कुजे. ही मोरी पुढे याच कथेत पुन्हा भेटणार आहे.

५/२३
मालकाचा हिशेब सरळ होता. मातीची जमीन करायला खर्च थोडा आणि ती राखायला त्याला खर्च शून्य, कारण सारवण्याचे काम भाडेकरूच्या घरातील बाईचे. भाडे महिन्याचे, मुक्कामाची शाश्वती नाही, मालकाने नोटीस दिली की खोली सोडायची. अशा स्थितीत भाडेकरू स्वतःच्या पैशाने फरशी कशाला बसवील? आणि दारात दुसरा भाडेकरू उभा असताना मालक तरी कशाला बसवील? दोघांच्याही दृष्टीने शेणाची जमीनच शहाणपणाची ठरत होती. तोटा होता तो केवळ आरोग्याचा, आणि तो कोणाच्याच वहीत लिहिला जात नव्हता.

६/२३
ती वही १८९६ मध्ये उघडावी लागली. त्या वर्षी सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. हाँगकाँगमध्ये अलेक्झांडर येर्सिन यांनी दोनच वर्षांपूर्वी प्लेगचा जंतू शोधला होता, पण तो माणसापर्यंत पोहोचतो कसा, हे अद्याप उकलले नव्हते. अधिकाऱ्यांचा संशय घाणीवर, कोंदट हवेवर आणि मातीवर होता. म्हणजे खोलीच्या जमिनीवर.

७/२३
१८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारच्या हाती मोठे अधिकार आले. घरे तपासली गेली, छपरांची कौले काढून आत ऊन सोडण्यात आले, जंतुनाशकांचे फवारे मारले गेले, मातीच्या जमिनी उकरून बाहेर टाकण्यात आल्या. राहण्यास अयोग्य ठरलेल्या खोल्यांवर तशा अर्थाची तीन इंग्रजी आद्याक्षरे रंगवली जात. ज्या जमिनीची निवड भाडेकरूने कधीच केली नव्हती, तिच्यासाठी घर सोडण्याची पाळी मात्र त्याच्यावर आली. त्या काळातील लोकक्षोभामागे इतर अनेक कारणांबरोबर हा अनुभवही होता.

८/२३
जमीन खरोखर दोषी होती का? १८९८ मध्ये पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरांनी कराचीत उंदराच्या पिसवांकडे बोट दाखवले. प्रारंभी त्यांचे म्हणणे फारसे कोणी मानले नाही. १९०५ पासून प्लेग संशोधन आयोगाने मुंबईत, परळच्या प्रयोगशाळेत, हा प्रश्न पद्धतशीरपणे हाती घेतला. हीच प्रयोगशाळा पुढे हाफकिन संस्था म्हणून ओळखली जाऊ लागली.

९/२३
आयोगाच्या प्रयोगांत घराची जमीन हा स्वतंत्र विषय होता. शेणाच्या आणि चुन्याच्या जमिनींवर मुद्दाम प्लेगचे जंतू ओतून त्या किती काळ धोकादायक राहतात, हे पाहण्यात आले. शेणाची जमीन ४८ तासांनंतर आणि चुन्याची २४ तासांनंतर संसर्गक्षम राहत नाही, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या प्रयोगांत पिसवांनी भरलेल्या खोल्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातील प्राण्यांना प्लेग झाला, जमिनीपासून दोन इंच उंचावरच्यांनाही झाला. दोन फूट उंच टांगलेले मात्र वाचले. पिसवांची उडी तेवढी उंच जात नव्हती.

१०/२३
याचा अर्थ विलक्षण होता. उकरून फेकलेल्या मातीत रोग दडून बसलेला नव्हता. रोग उंदरांबरोबर येत होता, आणि जमिनीवर निजणारा माणूस पिसवांच्या उडीच्या टप्प्यात होता. पक्की जमीन तरीही हवी होती, पण कारण बदलले. दगडाला किंवा सिमेंटला उंदीर सहजी बीळ पाडू शकत नाही. पहिल्या धडपडीत उपाय अंशतः बरोबर होता, त्यामागचा तर्क चुकीचा होता. सार्वजनिक आरोग्याच्या इतिहासात असे अनेकदा घडले आहे.

११/२३
दरम्यान १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला होता. दाट वस्त्या पाडणे, रुंद रस्ते काढणे, आग्रीपाड्यासारख्या भागांत नव्या चाळी बांधणे हे त्याचे काम. भाड्याच्या खोलीची जमीन कशी असावी, हे आता मालक आणि भाडेकरू यांच्या व्यवहारापुरते राहिले नाही. शासन हा तिसरा पक्ष त्यात आला. त्याची कसोटी स्पष्ट होती: जमीन धुता यावी, ओल धरू नये, बिळे पडू नयेत.

१२/२३
या कसोटीला उतरणारा स्वस्त दगड रेल्वेमार्गालगतच होता. १८७१ मध्ये मुंबई आणि मद्रास हे लोहमार्ग रायचूरला जोडले गेले. त्याच मार्गावर, तेव्हाच्या निजामी मुलखात, आजच्या कलबुर्गी जिल्ह्यात, शहाबाद हे गाव आहे. तेथील चुनखडीचा दगड थरांनी बनलेला. खाणीत तो आपल्या थरांवरच उकलतो आणि फार घडाई न करता सपाट लाद्या मिळतात. करड्या-निळसर रंगाची ती शहाबादी फरशी मराठी घरात इतकी रुळली, की गावाचे नाव दगडाचे विशेषण होऊन बसले.

१३/२३
भाड्याच्या जागेसाठी शहाबादी फरशीचे गुण जणू मोजून ठेवलेले होते. एक लादी फुटली तर तेवढीच बदलता येते, रंग जुळवण्याची चिंता नाही. पाण्याने सांधे उघडले तरी चुन्याने किंवा सिमेंटने पुन्हा भरता येतात. पाटा-वरवंटा, बत्ता, जड पिंप यांचा मार ती सोसते. वर्षांनुवर्षांच्या पावलांनी ती झिजत नाही, घोटली जाते. उन्हाळ्यात गार लागते. मालकाला टिकाऊपणा आणि भाडेकरूला स्वच्छता हवी होती, दोघांचे हित बहुधा पहिल्यांदाच एका दगडावर जुळले.

१४/२३
सुखवस्तूंच्या घरांत त्या काळी इंग्लंडहून आलेल्या नक्षीदार फरश्या दिसत. १९२२ मध्ये फिरोजशा सिधवा आणि रुस्तम सिधवा यांनी स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत ‘भारत टाइल्स’ सुरू केली. हिची कृती भट्टीची नाही. धातूच्या साच्यातील कप्प्यांत रंगीत सिमेंटचे मिश्रण ओततात, वर कोरडा थर घालून दाबयंत्राने दाबतात आणि मग फरशी पाण्यात मुरवतात. रंगाचा थर जाड असल्याने तो झिजूनही नक्षी राहते. परदेशी फरशीला देशी पर्याय मिळाला.

१५/२३
१९३० च्या दशकात दादर, माटुंगा, शिवाजी पार्क आणि मरीन ड्राइव्ह येथे मध्यमवर्गासाठी व श्रीमंतांसाठी भाड्याच्या इमारती उभ्या राहिल्या. तेथील जिन्यांत आणि दिवाणखान्यांत रंगीत फरश्या व जागेवर घोटलेली मोझेकची जमीन आढळते. भाडेकरूला चार इमारती पाहून निवड करता येत असली, की मालक फरशीवर खर्च करतो. गिरणगावातील कामगाराला ती मोकळीक नव्हती. तेथे एका खोलीसाठी दहा माणसे रांगेत असत. एकाच शहरात, एकाच दशकात, फरशीतील हा फरक खिशातल्या पैशाइतकाच निवडीच्या अधिकाराचा होता.

१६/२३
कामगारांसाठी सरकारने स्वतः मालक होऊन पाहिले. गव्हर्नर जॉर्ज लॉइड यांच्या काळात १९२० मध्ये बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंट स्थापन झाले. ५०,००० खोल्यांचे स्वप्न होते. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी उभ्या राहिल्या. प्रत्येक चाळीत ८० खोल्या, म्हणजे एकूण सोळा हजारांहून अधिक. लाकडी तुळयांऐवजी काँक्रीट आले. उंदराला बीळ नाही, तुळईला कूज नाही. पण खोली एकच आणि साधारण १६० चौरस फुटांची. जमीन पक्की झाली, तिचा विस्तार मात्र वाढला नाही.

१७/२३
खरा पालट कायद्याने घडवला. पहिल्या महायुद्धात, १९१८ साली, भाडेवाढ रोखणारे निर्बंध आले आणि पुढे संपले. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी ते परत आले. त्यानंतरच्या १९४७ च्या मुंबई भाडेनियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे बहुतेक जुन्या जागांसाठी प्रमाण ठरवले. कारणाशिवाय भाडेकरूला काढता येईना. भाडेकरूच्या पश्चात सोबत राहणाऱ्या कुटुंबीयांकडे भाडेपट्टा जाऊ लागला. महिन्याच्या मुक्कामाचे आता पिढ्यांचे वास्तव्य झाले.

१८/२३
परिणाम दोन्ही बाजूंनी दिसला. भाडे गोठले आणि गवंड्याची मजुरी, सिमेंट, दगड महागत राहिले, तेव्हा मालकाने दुरुस्तीतून हात काढून घेतला. कायद्याने दुरुस्तीची जबाबदारी त्याच्यावरच ठेवली होती, पण त्या भाड्यात ती परवडते कोणाला? उलट भाडेकरूला प्रथमच खात्री वाटू लागली, की ही खोली मुलाच्या लग्नापर्यंत आपलीच आहे. पागडी भरून आलेल्याला तर ती अधिकच आपली वाटे. मग दिवाळीच्या बोनसमधून, मुलीच्या लग्नाआधी, शहाबादीवर मोझेक आणि पुढे मोझेकवर चकचकीत टाइल चढली. पैसे भाडेकरूचे, निवडही त्याचीच.

१९/२३
आणि फरशी कोणाची? १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचे कलम १०८ सांगते, की भाडेकरूने जोडलेल्या वस्तू ताबा असेपर्यंत तो काढून नेऊ शकतो, मात्र जागा मिळाली तशीच परत द्यायची. दिवा, पंखा, कपाट निघते. फरशी उखडली तर तिचे तुकडे होतात आणि खालची जमीनही जाते. मालकाच्या लेखी संमतीवाचून कायम स्वरूपाचे बांधकाम केले, तर १९४७ च्या कायद्याखाली जागाच गमावण्याचा धोका होता. कायम स्वरूपाचे म्हणजे काय, यावर न्यायालयांत दीर्घकाळ वाद झाले. बांधकामाचा हेतू, जोडणीची रीत आणि इमारतीला इजा न होता ते काढता येते का, हे निकष पाहिले गेले.

२०/२३
या वादांतून काही सवलती कायद्यात लिहिल्या गेल्या. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायदा १९९९ मध्ये कायम बांधकाम न समजण्याच्या गोष्टींची यादी आहे: लाकडी पडदी, स्वयंपाकाचा उभा ओटा, दार, जाळी, हवेसाठी खिडकी, खोटे छत, वातानुकूलन यंत्र, धुराडे. बसून स्वयंपाक करणारे घर उभ्या ओट्याकडे वळले, याची नोंद अशी कायद्याने घेतली. त्या यादीत फरशीचे नाव मात्र नाही.

२१/२३
आता ती मोरी. जुन्या लाकडी चाळीत नवी फरशी बहुधा जुनीवरच बसवली जाई, कारण उखडणे खर्चाचे आणि शेजाऱ्यांना तापाचे. १६० चौरस फुटांच्या खोलीत दोन इंच मसाला आणि एक इंच दगड घातला, तर दोन टनांहून अधिक नवा भार होतो. तो पेलायचा मोरीच्या गळतीने आधीच पोखरलेल्या तुळईने. मालक लक्ष देत नाही, भाडेकरूला फक्त आपली खोली दिसते, संपूर्ण इमारतीचा हिशेब ठेवणारा कोणी उरत नाही. कोसळणाऱ्या इमारतींमुळे १९६९ मध्ये कायदा होऊन दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आले आणि सुमारे १९,६०० इमारती उपकराखाली आल्या.

२२/२३
डिसेंबर १९९७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मलपे विश्वनाथ आचार्य खटल्यात १९४० ला गोठलेले भाडे आता न्याय्य राहिलेले नाही, असे मत दिले. नव्या कायद्याने दरसाल चार टक्के वाढीला वाव दिला आणि पागडीला कायदेशीर मान्यता दिली. पण नवे घरमालक या वाटेने फारसे गेले नाहीत. त्यांनी अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार पत्करला. अशा घरात फरशी पुन्हा मालकच निवडतो: डाग न धरणारी, फिक्या रंगाची, गुजरातेतील मोरबीहून आलेली व्हिट्रिफाइड टाइल, कोणाही भाडेकरूला चालेल अशी. अकरा महिन्यांच्या बिऱ्हाडाने फरशीत पैसे घालणे व्यवहार्य नाही. १८९० च्या चाळीतही नेमके हेच होते. वस्तू बदलली, गणित तेच राहिले.

२३/२३
भाड्याच्या घरातील जमीन दर काळात त्याच पक्षाने निवडली, ज्याला तिथे टिकून राहण्याची खात्री होती. पूर्वी तो मालक होता, साथीच्या काळात शासन झाले, १९४७ नंतर भाडेकरू. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळींच्या पुनर्विकासातील पहिली ५५६ घरे रहिवाशांना मिळाली, प्रत्येकी ५०० चौरस फुटांची आणि मालकी हक्काची. मागे, पाडायच्या खोल्यांत, तीन पिढ्यांनी एकावर एक चढवलेल्या फरश्या राहिल्या. जुनी चाळ पाडताना त्या थरांचा काठ उघडा पडतो: तळाला सिमेंट, वर शहाबादी, वर मोझेक, वर टाइल. मालकी नसताना घर आपले मानलेल्या माणसांनी दर थराला स्वतःचे पैसे मोजले होते. त्याची पावती कोणाच्याही दप्तरात नाही. असलीच तर ती त्या तुटलेल्या काठावर आहे.